अळणी पाणी

आमच्या गावच्या नळाला वान नदीचं पाणी पहिल्यांदा आलं, त्या सकाळी आबाजींनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, पितळी गडव्यातून एक घोट घेतला. तो तोंडात घोळवला, सावकाश गिळला आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांकडे पाहून निकाल दिला, "पानी अयनी हाये."

अयनी म्हणजे अळणी. भाजीत मीठ कमी पडल्यावर म्हणतात तसं. सगळे हसले. आबाजी मात्र गंमत करत नव्हते. ऐंशीच्या पुढे गेलेला माणूस, सारा जन्म घरच्या विहिरीचं पाणी प्यायलेला. त्यांच्या जिभेला पाण्याची चव म्हणजेच मिठाची चव. चुलीपुढून मोठी माय, म्हणजे आमची आजी, म्हणाली, "ऐंशी वर्सं खारं पेलं, आता गोड कसं लागन? चिमूटभर मीठ टाकून देऊ काय?" आबाजींनी उत्तर दिलं नाही. पण पुढचे कितीतरी दिवस ते आंघोळीआधी विहिरीवर जाऊन ओंजळभर खारं पाणी पिऊन येत. चोरून. मी पाहिलंय.

आमचा तेल्हारा तालुका नकाशात एक दिसतो, पण त्यात पाणी दोन प्रकारचं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा. तिथं विहिरींना गोड पाणी, म्हणून हिवरखेड, दानापूरच्या बाजूला विड्याचे पानमळे, पानपिंपरी, केळी, संत्री. दक्षिणेला पूर्णा. तिच्या दोन्ही अंगाला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतली नऊशेच्या आसपास गावं या पट्ट्यात येतात. आमचं त्यातलंच एक. जाणकार सांगतात, पूर्णेचं खोरं म्हणजे जमीन खचून झालेला खोलगट भाग, नद्यांनी लाखो वर्षं आणलेल्या गाळानं भरलेला. गाळ खोल, चिकण, पाणी धरून ठेवणारा आणि त्यात क्षार मुरलेले. पाणी झिरपून बाहेर पडत नाही, क्षारही धुऊन जात नाहीत. ते खारं पाणी उपसून शेताला दिलं, तर काळीभोर जमीन चोपण होते, ढेकूळ दगडासारखं होतं. म्हणून विहीर असूनही आमची शेती कोरडवाहू. पावसावर कपाशी, ज्वारी आणि मागच्या ओलीवर हरभरा.

घरात त्याचा अर्थ वेगळा होता. तुरीची डाळ शिजता शिजत नसे. साबणाला फेस येत नसे. धुतलेलं धोतर वाळलं की पापडासारखं उभं राही. पावसाळ्यात धाब्याच्या घराच्या पन्हाळीखाली गुंड आणि गंज मांडून ठेवायचे, तेवढंच गोड पाणी. आता यातला विनोद पाहा. धाब्यावर पाऊस झिरपू नये म्हणून जी माती टाकतात ती खारी माती. म्हणजे डोक्यावरचं छप्पर खाऱ्यानं राखलं आणि पायाखालची विहीर खाऱ्यानं बुडवली. पावसाळा सरला की नाल्याच्या वाळूत झिरे खोदायचे. वाटीनं पाणी भरायचं, कापडानं गाळायचं. झिऱ्यावर पहाटे तीन वाजता नंबर लागे. मोठी माय हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसे. नुसता हिशेब असे, किती वाट्यांची एक कळशी होते याचा.

ती स्वतः गोड पाण्याची. माहेर हिवरखेडच्या अंगाला, पानमळेवाल्यांच्या शेजारात. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिची आई तिच्या बापाला म्हणाली होती, "पोरीले खाऱ्यात देऊन रायले तुमी." खाऱ्यात देणं, हा आमच्याकडचा शब्द. दुसरीकडे पोरगी गरिबाघरी देतात, दूर देतात, आमच्याकडे खाऱ्यात देतात. अजूनही सोयरीक जुळवताना मुलीकडची माणसं घरातल्या माठातलं पाणी मागून पितात आणि मगच बोलायला बसतात. आम्ही तेवढ्यासाठी आदल्या रात्री कुठून कुठून गोड पाणी आणून माठ भरून ठेवायचो. ही फसवणूक सगळ्यांना ठाऊक असायची आणि सगळे ती चालवून घ्यायचे.

थंडीत शेकोटीभोवती आबाजी गोष्टी सांगत. आता वाटतं, त्यांच्या सगळ्या गोष्टी पाण्याच्याच होत्या. नरनाळा किल्ला सांगायला घेतला, तर राजे-सुलतान दोन वाक्यांत संपत आणि तळी अर्धा तास चालत. शहानूरहून डोंगर चढून गेलं की 1487 साली फतहुल्ला इमादुल्मुल्कनं बांधलेला महाकाली दरवाजा लागतो. त्याच्या दगडी कोरीव कामापुढं आजही माणूस थबकतो. अकबराच्या वेळी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकाराला याच किल्ल्याचं नाव होतं. आबाजींना त्याचं काही नव्हतं. "वरते बावीस तयी," ते बोटं नाचवत म्हणत, "अन् सक्कर तलाव तं असा, का उन्हायात बी मांजर पानी पिऊन जाईन. वरते ढगाजोळ गोड पानी, अन् खालते जमिनीच्या पोटात खारं. आता सांगा, राजा डोंगरावर कायले बसला?" आम्ही म्हणायचो, शत्रूच्या भीतीनं. ते मान हलवत. "तहानेच्या भीतीनं."

इतिहासाच्या परीक्षेत हे लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं. पण पुढं नरनाळ्यावर गेले, तळी, टाकी, पाणी वळवून नेणाऱ्या वाटा पाहिल्या, तेव्हा वाटलं, म्हातारा फारसा चुकला नव्हता.

दुसरी गोष्ट अकोली जहागीरची. ती दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथात आहे, वऱ्हाडात घरोघर पारायण होतं त्याचं. भर दुपारी तहानलेले गजानन महाराज भास्कर पाटलाच्या शेतात पाणी मागतात. तो झिडकारतो. महाराज शेजारच्या कोरड्या ठणठणीत विहिरीपाशी जातात आणि विहीर भरून येते. आबाजी ही गोष्ट सांगताना भास्कराची बाजू घेत. त्यानं ती घागर कोसावरून डोक्यावर आणली असंल, त्याले कसं पुरन, असं म्हणत. मोठी माय लगेच हात जोडे आणि त्यांना गप्प करी. मला या गोष्टीतला चमत्कार पुष्कळ पुढं कळला. आमच्या मुलखाच्या देवानं इथं मातीचं सोनं केलं नाही, मेलेला उठवला नाही. विहिरीला पाणी आणलं. लोक मागणार ते हेच.

आणि तिसरी गोष्ट दहीहांडा या गावाची. त्या भागात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करत. इंग्रजांच्या अमलात तो धंदा बंद पडला. 1930 च्या एप्रिलात गांधीजींनी दांडीला समुद्रकाठी मीठ उचललं, तेव्हा अकोल्याच्या कार्यकर्त्यांपुढं प्रश्न आला. इथं समुद्र कुठून आणायचा? त्यांनी दहीहांडा गाठलं आणि विहिरीच्या पाण्यातून मीठ करून कायदा मोडला. समुद्रापासून शेकडो कोसांवर झालेला मिठाचा सत्याग्रह. आबाजी तेव्हा मिसरूड न फुटलेले पोरगे होते. तिकडून आलेलं चिमूटभर काळपट मीठ कागदाच्या पुडीत गावात फिरलं, लोकांनी जिभेला लावलं, जयजयकार केला. आबाजींचे वडील मात्र म्हणाले म्हणे, "मिठासाठी लढून रायले लोकं. अन् आपून त्याच्यातून सुटाले पाहून रायलो."

अशा घरात सहल म्हणजे काय असणार? डोंगर नाही, देऊळ नाही, जत्रा नाही. सहल म्हणजे गोड पाणी.

ते वारीला. वारी भैरवगड, सातपुड्यातून वान नदी जिथं मैदानात उतरते तिथं. काठावर मारुतीचं देऊळ. ती मूर्ती समर्थ रामदासांनी स्थापली अशी इकडे श्रद्धा. वान पुढं अकोला-बुलढाण्याच्या शिवेवरून वाहत जाऊन पूर्णेला मिळते. म्हणजे ज्या नदीचं पाणी डोंगरात इतकं गोड, तीच शेवटी आमच्या खाऱ्या मुलखात येऊन विरते. लहानपणी मला हे फार अन्यायाचं वाटायचं.

हनुमान जयंतीला आदल्या संध्याकाळी बंड्या निघत. चैत्राचं ऊन टाळायला रात्रीचाच प्रवास. आमच्या बंडीत खाली कडबा, त्यावर वाकळ, त्यावर आम्ही पोट्टे, आणि पाठीमागं रिकामे पितळी गुंड एकमेकांवर आपटत वाजत असायचे. रिकाम्या गुंडांचा तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. तेल्हारा मागं पडे तेव्हा दुकानांच्या फळ्या लागलेल्या असत. मग पुढं कधीतरी झोपेतच वास बदलायचा. धुळीचा वास जाऊन ओल्या, हिरव्या, तिखटसर पानांचा वास. "पानमये आले," मोठी माय अंधारात पुटपुटे. माहेर आलं म्हणायची तिची ती पद्धत. बंडी कुठल्याशा विहिरीवर थांबे, बैल सोडले जात, आणि ती खाली उतरून सगळ्यांच्या आधी पाणी पिऊन येई. चूळ भरत नसे. गोड पाण्यानं चूळ भरणं तिला जन्मभर जमलं नाही.

पहाटे सातपुडा एकदम समोर उभा. आम्ही सपाटीवरची माणसं. आमच्याकडं उंच म्हणून जे काही असतं ते कापसाची गंजी किंवा पाण्याची टाकी. त्यामुळं डोंगर पाहिला की पहिले काही क्षण कुणी बोलत नसे.

जन्मोत्सवाचा गुलाल उधळून झाला की खरा कार्यक्रम सुरू होई. रोडगे. वऱ्हाडात कुणी पिकनिकला जात नाही, रोडगे खायला जातात. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक तेल घालून घट्ट भिजवायची. तिच्या लहान पोळ्या लाटून एकीवर एक तेल लावत रचायच्या, गोळा करायचा आणि वरून आणखी एका पारीत बंद करायचा. तोवर पुरुषांनी गोवऱ्यांचा ढीग रचून पेटवलेला असतो. ज्वाळा बसून लाल निखारे उरले की गोळे त्यात सोडायचे आणि वरून राख-निखारे ओढायचे. हे काम बायकांना करू देत नसत. का, ते कुणी सांगितलं नाही. माझा अंदाज असा, की वर्षातून एकदा स्वयंपाक केल्याचं श्रेय पुरुषांना त्यातून मिळायचं. भाजलेले रोडगे गोणपाटात घालून दोघं दोन टोकांना धरून झुलवत. राख झडून जाई. मग मुठीनं फोडायचा, आतून पापुद्रे सुटतात, त्यावर तूप, सोबत वरण आणि मोठ्या गंजातली वांग्याची भाजी. मागं कुठंतरी माकडं बसलेली.

वरणासाठी डाळ वानच्या पाण्यात शिजत घातलेली असे. आणि ती शिजे! मोठी माय दर वर्षी झाकण काढून आम्हाला बोलावून दाखवत असे. "पाहा, कशी लोनी झाली." आमच्या घरी अर्धा दिवस चुलीवर ठेवूनही जी डाळ दाणा सोडत नसे, ती इथं तासाभरात मऊ. ती त्या गंजाकडं ज्या कौतुकानं बघायची त्या कौतुकानं तिनं मारुतीकडंही पाहिलं नसावं. देवानं माफ केलं असेल.

चैत्रात नदीची धार बारीक असे, पण डोह भरलेले. त्यातल्या एकाचं नाव मामा-भाचा डोह. नावामागची गोष्ट नावातच आहे, वेगळी सांगायची गरज नाही. आम्हाला तिकडं फिरकू देत नसत. मोठी माय आम्हाला उथळ कपारीत बसवून गडव्यानं डोक्यावर पाणी ओती आणि साबण लावी. फेस यायचा! आम्ही फेसाचे बुडबुडे करत बसायचो. घरी साबण म्हणजे चिकट लगदा. वारीला तो ढग व्हायचा. ओघळणारा फेस पाहून मोठी माय एकदा म्हणाली होती, "जाऊ दे, आपल्या पूर्णामायलेच जाईन."

परतताना गुंड भरलेले. आता ते वाजत नसत. बंडी जड चाले, बैल हळू. घरी पोचल्यावर शेजारपाजारी आळीपाळीनं येऊन वाटी-वाटी घेऊन जात, जणू तीर्थ. एक गुंड मोठी माय कोनाड्यात झाकून ठेवी. तो फक्त आजाऱ्यासाठी आणि बाळंतिणीसाठी.

वारीजवळ वानवर धरण बांधलं जाऊ लागलं तेव्हा आबाजी थकलेले होते. ते एकदाच पाहायला गेले. मोठ्या काकांनी जीपमधून नेलं. धरणाची भिंत चढत होती. आबाजींनी विचारलं, "एवढं पानी अडवून ठेवतीन तं पूर्णेले काय रायन?" इंजिनीअरला विचारावा असा हा प्रश्न होता, पण तिथं एक मुकादमच होता. त्यानं तंबाखू चोळत सांगितलं, "बाबा, पूर्णेतलं खारं काय कराचं हाये?" आबाजी जीपमध्ये येऊन बसले. खाऱ्याची बाजू घेणारं त्या दिवशी तिथं दुसरं कुणी नव्हतं.

जलाशयाला नाव मिळालं हनुमान सागर. साठा सुमारे 82 दशलक्ष घनमीटर. आता त्यातून अकोट, तेल्हारा आणि शेगावसारखी शहरं पाणी पितात, अकोट-तेल्हाऱ्याकडची 84 खेड्यांची योजना चालते, पायथ्याची शेती भिजते. जलाशयाच्या पलीकडचा काठ वान अभयारण्याचा, 211 चौरस किलोमीटरचा, मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग. त्या जंगलातून एकेकाळी अकोला-खंडवा मीटरगेज जात असे. निमाडी बैल पाहायला आबाजी तिनं खंडव्याला गेलेले. वान रोड नावाच्या स्टेशनावर उतरून त्यांनी तांब्या भरून घेतला, आणि पुढं धूळघाटला गाडी चढण चढताना गोल वळसा घेऊन आपल्याच खालच्या रुळांवरून जाते, हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. मीटरगेज आता गेली. जंगलातून पुन्हा रूळ टाकावे की बाहेरून न्यावे, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. वाघांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं मला पटतं, पण वान रोडचा तो तांब्या आठवला की जीव थोडा हळहळतो.

मोठ्या मायनं धरणाकाठचं पाणी पाहिलं, पण तिच्या मनात भरलं ते शेगावचं आनंदसागर. 2001 मध्ये गजानन महाराज संस्थाननं ते उभं केलं. उजाड माळावर तळं, तळ्यात बेट, बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवरचं ध्यानमंदिर, भोवती झाडी, हिरवळ, कारंजी, पोरांसाठी छोटी रेल्वे. वऱ्हाडातल्या माणसानं तोवर बाग म्हणजे तहसील कचेरीसमोरचं कण्हेरीचं झुडूप एवढंच पाहिलेलं. लोक ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून गेले. आम्हीही गेलो. दर्शन, कचोरी आणि मग आनंदसागर, असा तो ठरलेला क्रम असे.

फाटकाशी मोठ्या मायनं चपला काढल्या. सेवेकऱ्यानं नम्रपणे सांगितलं, "माय, इथं चपला चालतात." ती म्हणाली, "एवढी हिरवय तुडवाची ती अनवानीच." मग दिवसभर ती हिरवळीच्या कडेकडेनं चालली, वर पाय ठेवलाच नाही. संध्याकाळी रंगीत दिव्यांत कारंजं नाचायला लागलं. हजारो माणसं टाळ्या वाजवत होती. ती बराच वेळ तोंडाला पदर लावून पाहत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "एवढं पानी उडवून रायले, कोनी खालते झेलते का नाई?" मी सांगितलं, माय, तेच पाणी पुन्हा खालून वर येतं. तेव्हा कुठं तिच्या जिवाला बरं वाटलं. पुढं ते आनंदसागर बरीच वर्षं बंद राहिलं, आता त्यातला काही भाग पुन्हा खुला आहे. ते पाहायला ती राहिली नाही.

संस्थानचे शिवशंकरभाऊ पाटील 2021 मध्ये गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या व्यवस्थापनावर पानं भरली. ते योग्यच होतं. पण मला वाटतं, कोरड्या मुलखात लोकांना विनाकारण पाणी पाहायला मिळावं, प्यायला नाही, भरायला नाही, नुसतं बसून पाहायला, हे ज्याला सुचलं त्याला आमच्या बायकांच्या मनातलं काहीतरी नेमकं कळलं होतं.

वानचं पाणी आलं आणि त्यापाठोपाठ वानचं भांडणही आलं. अकोला शहराला हे पाणी न्यायचं घाटलं तेव्हा तेल्हाऱ्यात मोर्चे निघाले. आमच्या शेतीचं पाणी शहराला कशाला, हा सवाल. मग बाळापूरकडच्या 69 खारपाण गावांची योजना आली, रखडली, आणि 2023 च्या एप्रिलात तिथल्या आमदारांनी खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पदयात्रा काढली. सरकारला ते पाणी दाखवायला. ती बातमी वाचताना मला दहीहांड्याची पुडी आठवली. महिनाही एप्रिलच. तेव्हा खाऱ्या पाण्यातलं मीठ दाखवून सत्तेला आव्हान दिलं, आता खारं पाणीच दाखवावं लागतं.

या भांडणात मी कुठल्या बाजूची, हे मला सांगता येत नाही. माहेर तेल्हारा तालुक्यातलं, नळाला वान. सासर अकोल्याला, नळाला महान गावाजवळच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी, तेही उन्हाळ्यात मोजून. भाऊ म्हणतो, पाणी आमच्या डोंगराचं. नवरा म्हणतो, डोंगर काय तुमच्या बापाचा? जेवताना हा विषय काढायचा नाही, असा आमच्या घरी नियम आहे. पण 69 गावांचं मला ठाम वाटतं. ज्या घरात अजून डाळ शिजत नाही, त्या घराला आधी पाणी. शहराचं आणि उसाचं मग बघू. खारं पाणी प्यायलेल्या माणसानं दुसऱ्या खाऱ्या गावाला नाही म्हणू नये.

गेल्या श्रावणात भाचीचा मुलगा पुण्याहून आला होता, दहा वर्षांचा. त्याला वारीला नेलं. गाडीनं घरापासून तासाभरात. ज्या वाटेला आमची अख्खी रात्र लागायची. वाटेत पानमळ्यांचा वास आला का, म्हणून मी काच खाली केली, तर तो म्हणाला, "एसी जातोय, मावशीआजी." शनिवार होता, देवळात गर्दी. जलाशय काठोकाठ, दोन दरवाजे थोडे उघडलेले. पांढरं पाणी धाडधाड कोसळत होतं आणि त्याचे तुषार पार रस्त्यापर्यंत. पोरं मोबाईल उंच धरून उभी. काही नदीत उतरायला निघाली, पोलिसानं शिट्टी मारून हाकललं. बरं केलं. दर पावसाळ्यात इथल्या डोहात बुडाल्याची बातमी येते, आणि बुडणारी बहुतेक सपाटीवरची असतात. ज्यांनी पाणी कमी पाहिलं तेच त्याला कमी भितात.

आम्ही जरा वरच्या बाजूला, खडकावर बसलो. तिथंही कुणाच्या पंगतीच्या पत्रावळी, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या. गोड पाण्याच्या काठावर विकतच्या पाण्याच्या बाटल्या! मला राग आला. मी काही गोळा केल्या. पोरानं थोड्या केल्या, मग कंटाळला. समोर पाणी पसरलेलं, त्यापलीकडं जंगल, त्यावर ढग टेकलेले. त्यानं विचारलं, "इथे करायचं काय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुण्यात बागेत गेलं की झोके असतात, घसरगुंडी असते, तळ्यात होड्या असतात. इथं काय करायचं? मी म्हटलं, "बस. पाहा. ते गोड आहे." त्यानं ओंजळीत घेऊन चाटलं. म्हणाला, "गोड कुठंय? पाण्यासारखंच लागतंय."

डबा घरून आणला होता, पण रोडगे नव्हते. गोवऱ्या पेटवायला आता मनाई की परवानगी, ते विचारावं लागतं, आणि रोडगे भाजणारे पुरुष आमच्या घरात उरले नाहीत. धपाटे खाल्ले. निघताना मी प्लास्टिकच्या कॅनमध्ये नदीचं पाणी भरून घेतलं. घरी नळाला हेच पाणी येतं, हे मला ठाऊक होतं. भाऊही तेच म्हणाला.

माहेरच्या जुन्या घराची विहीर अजून आहे. काठाला बाभळीच्या फांद्या लावून बंद केलीय, पोरंबाळं पडू नयेत म्हणून. त्या संध्याकाळी मी फांद्या बाजूला केल्या, दोराला बादली बांधून पाणी काढलं आणि ओंजळीनं प्यायले. पोराला दिलं. त्यानं थू करून टाकलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला फसवलंय.

माझ्या जिभेला ते तितकंसं खारं लागलं नाही. भावाला विचारलं, यंदा पाऊस जास्त झाला म्हणून का रे? तो म्हणाला, नाही, पाणी तेच आहे.